कुंडईची भट्टी आणि आयएसओ ९००१: नफा नेमका कुठून आला

या प्रकरणातला कारखाना नमुन्यादाखल उभा केलेला आहे. त्याचे रुपयांतले आणि नगांचे आकडे हिशेब उलगडून दाखवण्यासाठी घेतले आहेत. आयएसओ ९००१ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची कलमं, ऑडिटचे नियम, कायदे आणि संशोधन मात्र जसं आहे तसं दिलं आहे.

कारखाना फोंडा तालुक्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत. काम पत्र्याचं, विजेच्या पॅनेलची रिकामी कॅबिनेट बनवायची. पत्रा कापणं, पंचिंग, बेंडिंग, वेल्डिंग, मग पावडर कोटिंग (कोरडी रंगपावडर फवारून भट्टीत भाजणं), गॅस्केट आणि पॅकिंग. ठेकेदाराची धरून ४८ माणसं. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तोवर निम्मं काम खाणवाल्यांचंच होतं: हॉपर, च्यूट, बार्जची डागडुजी. ते आटल्यावर मालकानं कोटिंगची भट्टी टाकली आणि कॅबिनेटचा धंदा धरला.

वर्षाची विक्री जीएसटी सोडून १० कोटी. माल ६.१० कोटी, पगार-मजुरी १.३५ कोटी, वीज आणि गॅस ६२ लाख, जॉबवर्क आणि वाहतूक ४८ लाख, इतर खर्च ४५ लाख, घसारा २२ लाख, व्याज १८ लाख. करापूर्वी हातात ६० लाख, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीवर सहा.

घोडं अडलं ते एका मोठ्या पॅनेल उत्पादकाच्या व्हेंडर फॉर्मवर. दर पसंत, नमुना पसंत, पण फॉर्मच्या तिसऱ्या पानावर ‘आयएसओ ९००१ प्रमाणपत्राची प्रत जोडा’ असा रकाना. मालकानं चौकशी केली. सल्लागार १ लाख ६० हजार, ऑडिट ७५ हजार. वहीत २ लाख ३५ हजार लिहिले आणि समोर नव्या गिऱ्हाईकाची अपेक्षित २ कोटींची ऑर्डर. मग विचार कसला करायचा? दोन्ही आकडे बरोबर होते, पण हिशेब चुकीचा होता. खर्चाची बाजू निम्म्याहून कमी धरलेली आणि फायदा भलत्याच जागी शोधलेला.

आधी मोजलं काय, आणि मोजलंच नव्हतं काय

नफा-तोटा पत्रकात रिवर्क, म्हणजे दुबार काम, नावाचं खातं नसतं. परत घासून रंगवलेल्या दरवाजाची मजुरी पगारात जाते, पावडर मालात, गॅस इंधनात. म्हणून ‘आमच्याकडे रिजेक्शन फारसं नाही’ असं म्हणणारा मालक खोटं बोलत नसतो. त्याला ते दिसतच नसतं.

पहिलं काम साधं होतं. भट्टीतून निघालेला जो नग पुन्हा घासायला जाईल त्याला लाल चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर तारीख, नग, कारण, घासणाऱ्याचा वेळ. टॅलीत चार नवी खाती उघडली: रिवर्क, परत आलेला माल, उशिराच्या डेबिट नोट (माल उशिरा गेला म्हणून गिऱ्हाईकानं कापलेले पैसे), भंगारात गेलेला पत्रा. मोजणी मे, जून आणि जुलै अशी तीन महिने चालली. मे मुद्दाम घेतला, कारण गोव्यात कोटिंगवाल्याची दोन वर्षं असतात, एक कोरडं आणि एक पावसाळी. दोन्ही मोजल्याशिवाय सरासरी निघत नाही.

कोरड्या दिवसांत शंभरातले ६ नग पुन्हा घासले जात होते, पावसाळ्यात १४. चार महिने पावसाचे आणि आठ कोरडे धरले तर वर्षाची सरासरी ८.६७ टक्के. वर्षाला २५ हजार कॅबिनेट, म्हणजे जवळपास २,१६७ नगांवर दुसऱ्यांदा मेहनत. एका नगाचा दुबार खर्च असा निघाला: घासायची दीड तास मजुरी १६५ रुपये, पावडर ९५, गॅस-केमिकल-वीज ११०, उचल-ठेव आणि पुन्हा पॅकिंग ५०. एकूण ४२० रुपये. वर्षाला ९.१ लाख.

गिऱ्हाईकाकडून परत आलेले शंभरात ०.८, म्हणजे २०० नग. जाण्या-येण्याचं भाडं, बदली नग आणि कापलेले पैसे धरून नगामागे १,९०० रुपये, एकूण ३.८ लाख. उशिराच्या डेबिट नोट २.१ लाख. चुकीच्या ड्रॉइंगवर वाकवून भंगारात गेलेला पत्रा साडेसहा टन. खरेदी किलोला ७२ आणि भंगार ३२, म्हणजे किलोमागे ४० रुपये बुडाले. त्यावर झालेलं कापकाम-बेंडिंग मिळवलं की ३.५ लाख. सगळं मिळून १८.५ लाख. विक्रीच्या तुलनेत हे १.८५ टक्के, पण ६० लाखांच्या नफ्यासमोर ठेवलं तर जवळजवळ तिसरा हिस्सा.

हा आकडा सल्लागार येण्याआधी काढलेला असला पाहिजे. नंतर काढला तर सुधारणा कशाच्या तुलनेत झाली हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा मोजणी राहून गेली असेल तर तीन महिने थांबा आणि मग फॉर्म भरा.

खर्चाची पूर्ण बाजू

ऑडिट किती दिवसांचं, हे प्रमाणपत्र देणारी संस्था मनानं ठरवत नाही. आयएएफ (इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन फोरम, प्रमाणपत्र-संस्थांना मान्यता देणाऱ्यांचा जागतिक मंच) याच्या एमडी ५ या दस्तऐवजातल्या तक्त्यात माणसांच्या संख्येवर दिवस दिलेले आहेत. २६ ते ४५ माणसांना ४ दिवस, ४६ ते ६५ ला ५ दिवस. पुढच्या दोन्ही वर्षी देखरेख ऑडिट, पहिल्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचं. तिसऱ्या वर्षाअखेर नूतनीकरण, दोन तृतीयांश दिवसांचं. कुणी ४८ माणसांचा कारखाना अर्ध्या दिवसात उरकून देतो म्हणाला, की कागद कसला आहे ते तिथंच कळतं.

या कारखान्याचे एकदाच झालेले खर्च: सल्लागार १.६० लाख, पहिलं ऑडिट ०.७५, कॅलिब्रेशन (मोजायच्या साधनांची अचूकता तपासणं) ०.४५, दोघांचं अंतर्गत ऑडिटचं प्रशिक्षण ०.३०, आणि आतल्या माणसांचे सहाशे तास, तासाला १५० रुपयांनी ०.९०. झाले ४ लाख. यातले शेवटचे ९० हजार कुणीच धरत नाही, कारण त्याचं बिल येत नाही.

यंत्रसामग्री ४.५ लाख: भट्टीचा डेटा लॉगर (तापमान नोंदत जाणारं यंत्र) १.४०, कॉम्प्रेस्ड हवेचा रेफ्रिजरेटेड ड्रायर १.६०, पावडर खोलीचा एसी आणि डीह्युमिडिफायर ०.९५, कोटिंगची जाडी मोजायचं डीएफटी गेज ०.५५. आणि दरवर्षीचे ४.५ लाख: क्वालिटी इंजिनियरचा पगार ३.६०, देखरेख ऑडिट ०.३२, कॅलिब्रेशन ०.४०, किरकोळ ०.१८. मालकाच्या वहीतले २.३५ लाख कुठे आणि हे कुठे!

मोठा खर्च माणसाचा आहे आणि तो दरवर्षी आहे. हा पगार वाचवायला स्टोअरकीपरलाच ‘एमआर’ केलं, की तो ऑडिटच्या आदल्या आठवड्यात रात्री बसून वर्षभराच्या नोंदी एकाच पेनानं लिहितो. गंमत अशी की आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ‘मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ हे पद नेमायची सक्ती उरलेलीच नाही, क्वालिटी मॅन्युअलचीही नाही. दोन्ही गोष्टी सवयीनं विकल्या जातात. या कारखान्यात आलेल्या पहिल्या मॅन्युअलच्या मसुद्यात ‘रिअ‍ॅक्टर स्वच्छता पद्धती’ असं एक प्रकरण होतं. कुठल्या तरी केमिकल कंपनीचा साचा, नाव बदलून दिलेला.

भट्टीपाशी

लाल चिठ्ठ्यांची कारणं शंभरात अशी लागली: कोपऱ्यात पातळ कोट ३८, पिनहोल (थरातली बारीक भोकं) २७, कोटाखाली गंज १८, धूळ ९, इतर ८. तोपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर होतं, पावसाची हवा. अर्धं खरं.

कोपऱ्याचं मूळ हुकात निघालं. पावडर कोटिंगमध्ये गन पावडरीला विद्युतभार देते आणि नग हुकातून अर्थिंगला जोडलेला असतो, म्हणून पावडर नगाकडे ओढली जाते. पण नगाबरोबर हूकही दर फेरीला रंगतो आणि भट्टीत भाजतो. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर त्याच्यावर जाड थर चढतो, आणि तो थर वीज अडवतो. नगापासून अर्थिंगपर्यंतचा रोध १ मेगओहमच्या आत हवा. इथले जुने हूक मेगरला, म्हणजे रोध मोजायच्या यंत्राला, लावले तर काटा अनंतावरून हलेना. अर्थिंग न मिळालेल्या नगाच्या आतल्या कोपऱ्यात पावडर जात नाही, मग गनवाला व्होल्टेज वाढवतो, हात जास्त फिरवतो. सपाट भागावर १२० मायक्रॉन चढतात आणि कोपऱ्यात ४० सुद्धा भरत नाहीत. ठरलेली जाडी ६० ते ८०. जुलैत गंज आधी त्याच कोपऱ्यात दिसतो, आणि दोष पावसाला जातो.

‘शेट, हूक साफ असला की पावडर आपोआप चिकटते, नाहीतर समोरून परत येते,’ हे गनवाल्यानं सांगितलं. त्याला ते आठ वर्षं माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं. हुकांचे दोन संच केले, दर तिसऱ्या दिवशी एक संच जाळून साफ, आणि रोज सकाळी तीन हुकांवर मेगर. खर्च नगण्य.

पिनहोल हवेतून येत होते. कॉम्प्रेसरची हवा थंड झाली की पाइपात पाणी धरतं. जूनमध्ये सकाळी व्हॉल्व्ह उघडला तर पेलाभर निघायचं. ते पाणी आणि थोडं तेल गनमधून नगावर, मग भट्टीत वाफ होऊन थराला भोक. ड्रायर बसवल्यावर हे जवळपास थांबलं. कोटाखालच्या गंजासाठी एकच नियम केला: फॉस्फेटिंगनंतर (रंगाआधी पत्र्यावर करायची रासायनिक प्रक्रिया) सुकवण भट्टीतून निघालेला नग ३० मिनिटांत पावडर फवारायच्या बूथमध्ये गेला पाहिजे, नाहीतर पुन्हा सुकवणीत. ट्रॉलीवर खडूनं वेळ लिहायची. फॉस्फेटच्या टाकीतलं आम्ल मोजायचं टायट्रेशन पूर्वी आठवेल तेव्हा व्हायचं, ते प्रत्येक शिफ्टला एकदा असं बांधलं.

सर्वांत महागडी चूक मात्र लाल चिठ्ठीत आलीच नव्हती, कारण ती कारखान्यात दिसत नाही. पावडरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: धातूचं तापमान १८० अंश, १० मिनिटं. भट्टीच्या दारावरचा आकडा २०० दाखवायचा, म्हणून सगळे निर्धास्त. तो आकडा हवेचा. डेटा लॉगरची थर्मोकपल (तापमान टिपणारी तार) नगालाच लावली, तेव्हा कळलं की खालच्या रांगेतल्या २ मिलिमीटर जाडीच्या दरवाजाला १८० अंश जेमतेम ४ मिनिटं मिळत होते. दिसायला चकचकीत, पण आतून कच्चा कोट. एमईके या द्रावकाचा बोळा घासला की रंग सुटतो. गिऱ्हाईकानं केबलच्या ग्लँडसाठी भोक पाडलं की पापुद्रा उडतो आणि नग परत. जाड दरवाजांची वेळ १८ वरून २४ मिनिटं केली.

आता यात आयएसओचा संबंध काय, हा रास्त प्रश्न आहे. हूक साफ करायला प्रमाणपत्र लागत नाही. पण कलम ८.५.१ सांगतं की ज्या कामाचा निकाल नंतर तपासून कळत नाही, त्या कामाची पद्धतच आधी सिद्ध करून ठेवा आणि अधूनमधून पुन्हा सिद्ध करा. भट्टीतलं भाजणं आणि वेल्डिंग ही त्याची नेमकी उदाहरणं. कलम ७.१.५ मोजायची साधनं विश्वासार्ह आहेत का विचारतं, ८.७ सदोष नगाचं काय केलं ते, आणि १०.२ कारण शोधलं का ते. आठ वर्षं न विचारलेले प्रश्न वर्षातून एकदा बाहेरचा माणूस येऊन विचारणार, या धाकानं ते विचारले गेले. फीचे पैसे या धाकाचे.

ऑडिटच्या दिवशी काय सापडलं

पहिल्या टप्प्यात कागदपत्रं आणि तयारी, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. दुसऱ्या टप्प्यात चार किरकोळ आणि एक गंभीर त्रुटी निघाली. गंभीर होती ती ड्रॉइंगची. बेंडिंग मशीनजवळ भिंतीला चिकटवलेलं ड्रॉइंग ‘बी’ आवृत्तीचं, गिऱ्हाईकानं ‘सी’ आवृत्ती सहा आठवड्यांपूर्वी मेलनं पाठवलेली. साडेसहा टन भंगाराचं उगमस्थान हेच. भिंतीवरची ड्रॉइंग सगळी काढली, प्रत्येक जॉबकार्डासोबत शिक्का मारलेली प्रत देऊन काम संपल्यावर ती परत घ्यायची पद्धत लावली.

गंभीर त्रुटी दूर केल्याचं पटल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या दिवसापासून ६ महिन्यांत ते पटवता आलं नाही तर दुसरा टप्पा पुन्हा, म्हणजे फीसुद्धा पुन्हा. इथे पाच आठवड्यांत निभावलं.

एक चूक थोडक्यात टळली. अर्जात कार्यव्याप्ती ‘पत्र्याच्या कॅबिनेटची निर्मिती’ एवढीच लिहिलेली. कोटिंगचा उल्लेखच नाही. गिऱ्हाईकाचा व्हेंडर विभाग प्रमाणपत्रावरचं हे एक वाक्य आधी वाचतो, मग अ‍ॅक्रेडिटेशनचं, म्हणजे प्रमाणपत्र-संस्थेला मिळालेल्या मान्यतेचं, बोधचिन्ह बघतो. भारतात ते बहुधा एनएबीसीबीचं असतं, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखालचं. मग आयएएफच्या सर्टसर्च या ऑनलाइन यादीत नोंद पडताळतो. खुद्द आयएसओ कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ‘आयएसओकडून थेट’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. आणि हे प्रमाणपत्र पद्धतीचं आहे, कॅबिनेटचं नाही. नगावर किंवा खोक्यावर ‘आयएसओ प्रमाणित’ असा शिक्का मारता येत नाही.

दोन वर्षांचा पैसा

पहिल्या वर्षी नफा घटला. विक्री १०.२० कोटी झाली, वाढीव विक्रीतून ५ लाख, रिवर्क कमी झाल्यानं ३ लाख. पण एकदाचे ४ लाख, इंजिनियरचा नऊ महिन्यांचा पगार २.७ लाख, नव्या यंत्रांचा घसारा ०.७ लाख, आणि नेहमीची पगारवाढ-दरवाढ ६ लाख. करापूर्वी नफा ५४.६ लाख. प्रमाणपत्र भिंतीवर आणि नफा खाली, असं हे वर्ष. याच वर्षी काही मालक इंजिनियरला काढतात आणि मग तीन वर्षांनी म्हणतात, आयएसओनं काही होत नाही.

दुसऱ्या वर्षी नवं गिऱ्हाईक आलं. ऑर्डर २ कोटींची, पण दर चालू दरापेक्षा ४ टक्क्यांनी कमी आणि उधारी ९० दिवसांची. जुन्या दरात शंभर रुपयांमागे ७५ बदलता खर्च होता, म्हणजे २५ उरायचे. आता ९६ तून ७५ जाऊन २१. दोन कोटींवर ४३.८ लाख. त्यातून चार माणसं आणि एक सुपरवायझर ९ लाख, गिऱ्हाईकानं मागितलेल्या सॉल्ट स्प्रे (खारट फवाऱ्यात गंज तपासायच्या) चाचण्या आणि वेगळं पॅकिंग २ लाख.

मग उधारी. ९० दिवसांची येणी जीएसटीसह ५८ लाख, वाढीव साठा २० लाख, त्यातून पत्रेवाल्याची ३० दिवसांची उधारी १२ लाख वजा. अडकलेले ६६ लाख, साडेदहा टक्क्यांनी व्याज ६.९ लाख. सगळं जाऊन या गिऱ्हाईकानं वर्षाला साधारण २६ लाख दिले. ४३.८ आणि २६ मधला फरक व्हेंडर फॉर्मवर कुठेच लिहिलेला नव्हता.

रिवर्क कोरड्या दिवसांत ३ आणि पावसाळ्यात ५ टक्क्यांवर आलं, सरासरी ३.६७. वर्षाचे ३०,७०० नग धरले तर जुन्या दराच्या तुलनेत बचत ६.४५ लाख. परत आलेला माल ०.८ वरून ०.३ टक्क्यांवर, बचत २.९ लाख. डेबिट नोटमधून १.३ आणि भंगारातून २.५ लाख. एकूण १३.१५ लाख. दरवर्षीचे ४.५ लाख वजा केले तर ८.६५ लाख, म्हणजे एकदाचे ४ लाख आणि यंत्रांचे ४.५ लाख साधारण एका वर्षात फिटले. नवं गिऱ्हाईक आलंच नसतं तरी.

करापूर्वी नफा ८५.९ लाख, विक्री १२.२० कोटी, प्रमाण ७ टक्के. वरवर पाहता २६ लाख विक्रीचे आणि १३ लाख रिवर्कचे, तेव्हा विक्रीच मोठी. पण भट्टीची क्षमता बघा. जाड दरवाजांची वाढलेली वेळ धरून दोन शिफ्टमध्ये वर्षाला ३२ हजार नग. जुन्या ८.६७ टक्के रिवर्कवर ३०,७०० नगांसाठी भट्टीतून ३३,३६२ नग काढावे लागले असते, जागाच नव्हती. नव्या प्रमाणात ३१,८३० बसले. हूक साफ झाले नसते तर नव्या गिऱ्हाईकाचा माल एक तर बाहेर जॉबवर्कला किंवा दुसऱ्या भट्टीत, आणि ते २६ लाख तिथेच वितळले असते. म्हणून फायद्याचे हे दोन आकडे वेगवेगळ्या डब्यांत टाकून ‘आयएसओमुळे किती’ असं विचारण्यात अर्थ नाही.

बँकेत मात्र चणचण. नफा वाढला त्याच वर्षी कॅश क्रेडिटची मर्यादा दीड कोटीवरून २.१० कोटी करून घ्यावी लागली. वास्तविक एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म-लघु पुरवठादाराला करार काहीही असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) खरेदीदारालाही तो खर्च वेळेत न भरल्यास त्या वर्षी दाखवता येत नाही. तरी नव्या गिऱ्हाईकाला पहिल्याच वर्षी कायद्याचं कलम दाखवणारा पुरवठादार विरळा. त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग ट्रेड्सचा, म्हणजे लघुउद्योगांची बिलं ऑनलाइन वटवायच्या व्यवस्थेचा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी बिल मान्य केलं की वित्तसंस्था ते वटवते, आणि व्याजदर खरेदीदाराच्या पतीवर ठरतो, पुरवठादाराच्या नव्हे. दर ठरवतानाच ‘बिलं ट्रेड्सवर’ ही अट मागायची, नंतर कुणी ऐकत नाही.

हे श्रेय प्रमाणपत्राचंच का?

संशोधनात हाच वाद जुना आहे. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या ४०० प्रमाणित आणि ४०० अप्रमाणित कंपन्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रमाणित कंपन्या जास्त नफ्यात दिसल्या, पण त्या प्रमाणपत्राआधीच तशा होत्या. चांगल्या चालणाऱ्या कंपन्याच प्रमाणपत्र घेतात, एवढाच त्याचा अर्थ. २००५ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये आलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या अभ्यासानं तशाच दुसऱ्या कंपन्यांशी जोडी लावून तुलना केली, तेव्हा प्रमाणपत्रानंतर तीन वर्षांनी आर्थिक कामगिरीत ठळक फरक दिसला. २०१० च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात जवळपास हजार कंपन्या होत्या. प्रमाणपत्र घेणाऱ्या जास्त टिकल्या, त्यांची विक्री, नोकऱ्या आणि पगार जास्त वाढले.

एका कारखान्यात जोडी लावता येत नाही, पण जवळपास जाता येतं. इथे कोटिंग न होणारी एक लाइन होती, ब्रॅकेटची. पहिली दीड वर्षं तिला कुणी हात लावला नाही. माणसं तीच, पत्रा तोच, मालक तोच. तिचं रिजेक्शन त्या काळात हललं नाही. कोटिंगचं निम्म्याहून खाली आलं. तेव्हा निदान रिवर्कमधली बचत ‘बाजार बरा होता’ या सबबीत घालता येत नाही. पत्र्याच्या भावाचा परिणाम मात्र वेगळा काढावा लागतो. भाव पडला की नफा वाढतो आणि सगळे भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बघतात. इथले आकडे पत्र्याचा भाव स्थिर धरून मांडले आहेत.

पुढच्या तारखा

या कारखान्याची पहिली तीन ऑडिट फेब्रुवारीत ठरली होती. फेब्रुवारीत कुंडईत हवा कोरडी, हजेरी पूर्ण, भट्टी शहाण्यासारखी वागते. घाटा होतो तो जून ते सप्टेंबरमध्ये. त्यातही चवथीच्या आसपास निम्मी माणसं गावी आणि बूथवर ठेकेदारानं पाठवलेला नवखा मुलगा. ते दिवस कुठल्याच ऑडिटरनं पाहिलेले नव्हते. पहिलं देखरेख ऑडिट प्रमाणपत्राच्या निर्णयापासून १२ महिन्यांच्या आत हवं, पण आत म्हणजे आधीही चालतं. प्रमाणपत्र-संस्थेला पत्र लिहून पुढचं ऑडिट जुलैत मागितलं. अंतर्गत ऑडिट चवथीनंतरच्या सोमवारी, बूथवर, नवखा माणूस गन धरून उभा असताना. त्या पहिल्या अंतर्गत ऑडिटमध्ये ट्रॉलीवरची खडूची वेळ ११ पैकी ४ ट्रॉल्यांवर नव्हती.

नव्या गिऱ्हाईकानं आता आयएसओ १४००१ (पर्यावरण) आणि ४५००१ (कामगारांची सुरक्षितता आणि आरोग्य) यांचीही विचारणा केली आहे. तिन्ही एकत्र ऑडिट केली तर दिवस थोडे वाचतात, पण इथे आधी १४००१ चा विचार आहे. फॉस्फेटिंगचा गाळ आणि सांडपाणी यांचा हिशेब गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीसाठी ठेवावा लागतोच. त्यासाठी टॅलीत पाचवं खातं उघडलं आहे: गाळ, किलोमध्ये. मोजणी मे महिन्यापासून.